गॅमेजच्या सफरचंदबागेतली वाट

मी, खाली सही करणारा, सिरिल आर्थर गॅमेज, वय एक्याऐंशी, धंदा सफरचंदाची बाग राखणे व सफरचंदाची दारू, म्हणजे सायडर, गाळणे, राहणार मौजे हॅझलकोंब, परगणा सॉमरसेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. कमरेचे हाड शाबूत नव्हते, त्यात डॉक्टरांनी पोलादी खुंटी ठोकली आहे आणि ती मला मान्य आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही की पाजलेली नाही. सायडर मी माझा मीच पितो, आणि आज सकाळपासून थेंबही घेतलेला नाही. मिसेस टॉलमन, ज्यांच्याविषयी पुढे येईल, समोरच्या खुर्चीवर बसून यावर लक्ष ठेवून आहेत.

टॉन्टनच्या वकीलबाईंनी मला दीड पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात चूक एकही नव्हती, पण तो शेजारच्या गावातल्या कोणाही म्हाताऱ्याला चालला असता. मी म्हटले, "बाई, कायदा तुमचा राहू द्या, शब्द माझे घालतो." त्या म्हणाल्या, "घाला. पण सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत, आणि ज्याला यातून काही मिळतंय असा माणूस साक्षीदार नको." ऐकताना ही अट साधी वाटली होती. पुढे तिने किती घाम काढला ते यथास्थळी येईल.

कलम पहिले. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात घर, बाग, झाडे, घाणा सगळे सरसकट भाच्याला दिले होते, कारण माझी पत्नी आयव्ही गेल्यानंतर मला गावातल्या कोणाशी काही देणेघेणे उरले नव्हते. मी रागात होतो. रागात केलेले मृत्युपत्र कायद्याने चालते, असे वकीलबाई सांगतात. मला चालत नाही.

कलम दुसरे. राहते घर, त्यातील सामानसुमान, बँकेतील शिल्लक आणि मोटार माझ्या पश्चात माझी बहीण म्युरिएल हिचा मुलगा एड्रियन यास मिळावी. मोटारीचा डावा दरवाजा आतून उघडत नाही, तो बाहेर हात घालून उघडावा.

एड्रियन हॉस्पिटलात मला भेटायला द्राक्षे घेऊन आला. द्राक्षांखाली नकाशा होता. "मामा, बागेत सहा घरं आरामात बसतात. पुढे विजेचं फाटक टाकायचं, म्हणजे बाहेरचं कोणी आत यायला नको."

मी विचारले, "आणि वाट?"

"कुठली वाट? कायद्याने तिथे वाट नाहीच की. तुम्हीच तर इतकी वर्षं नीट सांभाळलंत ते."

त्याचे बोलणे अक्षरशः खरे होते आणि म्हणूनच माझी झोप उडाली. पोरगा वाईट नाही. ब्रिस्टलला जागांचे व्यवहार करतो, त्यामुळे कुठे हिरवे दिसले की त्याला विटा दिसू लागतात. बाग त्याला मिळणार नाही हे मी मागच्या आठवड्यात फोनवर सांगून टाकले. तो म्हणाला, "घराचं छप्पर तरी धड आहे ना?" छप्पर धड आहे.

कलम तिसरे. श्री. रेजिनाल्ड पर्चेस, गावच्या भाजी व फुलांच्या प्रदर्शनाचे कायमचे परीक्षक, यांस हिरव्या सुतळीचा एक गुंडा द्यावा. तो फडताळात वरच्या फळीवर आहे. ज्या वर्षी माझ्या कांद्यांनी प्रदर्शनाच्या सगळ्या तंबूला खाली मान घालायला लावली, त्या वर्षी रेजने ते बाद केले. का, तर कांद्याच्या माना ताडाच्या दोऱ्याने बांधायच्या असतात आणि मी त्या हिरव्या सुतळीने बांधल्या होत्या. "नियम म्हणजे नियम, सिरिल," म्हणाला. पहिला नंबर स्वतःच्या मेहुण्याला दिला, ज्याचे कांदे लसणाएवढे होते! गुंडा देताना सोबत दुसरे काही बोलू नये. त्याला कळेल.

कलम चौथे, आणि याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. माझ्या मालकीची सफरचंदाची बाग, चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस चर्च, शाळा व गावचा हॉल, पश्चिमेस खालच्या आळीची घरे, उत्तरेस ओढा, दक्षिणेस डेअरीचा रस्ता. खालच्या आळीतून शाळेला, हॉलला किंवा चर्चला जायचे तर दोनच मार्ग आहेत. एक माझ्या बागेतून जाणारी पायवाट. दुसरा तो रस्ता, ज्याला एका बाजूला दगडी भिंत आहे, दुसऱ्या बाजूला खड्डा आहे, आणि मधोमध असे आंधळे वळण आहे की समोरून दुधाचा टँकर आला तर पायी माणसाने भिंतीला पाठ चिकटवून पोट आत घ्यावे.

आमच्याकडचा कायदा असा, की कोणाच्या जमिनीतून लोक वीस वर्षे बिनहरकत चालत राहिले तर ती वाट कायमची लोकांची होते. मालकाने वर्षातून एक दिवस जरी फाटक लावून घेतले, तर वहिवाट तुटते आणि मालक मालक राहतो. माझ्या बाबांनी एका जमीनदाराचे अर्धे शेत असे जाताना पाहिले होते. म्हणून त्यांनी फेब्रुवारीतला पहिला मंगळवार धरला. उरलेले वर्ष वाट सगळ्यांना मोकळी, तो एक दिवस कुलूप. त्यांच्यामागे मी तेच केले. गाव त्याला 'गॅमेजचा मंगळवार' म्हणते. त्यांनी मिळवलेली जमीन मी राखली, त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही आणि मी ती मागावी असे कोणी म्हटलेलेही नाही.

त्या मंगळवारची सूचना दरवर्षी आमच्या 'हॅझलकोंब वार्ता' या पत्रिकेत छापून येते. पत्रिका मिसेस बेरिल टॉलमन चालवतात. गावात काय घडते हे गावाला पत्रिका वाचून कळते, आणि पत्रिकेत आले नाही तर ते घडलेच नाही असे धरतात. मिसेस टॉलमन यांच्याशी मी नऊ वर्षे बोलत नव्हतो. आयव्ही गेल्याची बातमी त्यांनी हॉलमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीखाली, एकाच चौकटीत छापली होती. वाचणाऱ्याला वाटावे, आयव्हीही शनिवारी दुपारी दोनपासून टेबलावर मांडून ठेवणार आहेत. तेव्हापासून मी मंगळवारची सूचना टपालाने पाठवायचो आणि त्या ती हरवलेल्या मांजरांच्या खाली छापायच्या.

या वर्षीच्या मंगळवारी मी कुलूप खिशात टाकून उजाडताच निघालो. रात्री पाणी गोठले होते. घाण्याच्या छपरीपाशी फळीवरून पाय सटकला आणि मी आडवा झालो. उठायला गेलो तर कमरेपासून खालचा भाग माझा राहिलेलाच नव्हता. पडल्या जागेवरून झाडांच्या रांगेतून फाटक समोर दिसत होते. सताड उघडे. म्हटले, काही हरकत नाही, शाळेची वेळ होते आहे, आत्ता कोणी ना कोणी येईलच.

आधी आला रेज पर्चेस, कुत्र्याला फिरवत. फाटक उघडे पाहून थबकला. कुत्रे आत ओढत होते, त्याला माझा वास लागला असणार. रेजने त्याची साखळी आवळली. "आज नाही, आज बंद आहे," कुत्र्याला म्हणाला, आणि निघून गेला. मी हाक मारली, पण छातीत थंडी भरलेली, आवाज फळीपर्यंतच पोचला. रेजला तसेही डाव्या कानाने ऐकू येत नाही.

मग हॉलमध्ये व्यायामाला जाणाऱ्या दोन बायका आल्या. त्यांचे बोलणे मला शब्दन् शब्द ऐकू आले.

"अगं, उघडंच दिसतंय."

"विसरले असतील बिचारे."

"मग जाऊ या का?"

"छे गं! त्यांना कळलं तर किती वाईट वाटेल."

गेल्या रस्त्याने. मी हसलो की रडलो ते मला सांगता येणार नाही, पण काहीतरी केले आणि ते फार दुखले.

त्यानंतर आली केली व्हावल्स. खालच्या आळीत राहते, नवरा जहाजावर असतो. बाबागाडीत धाकटा आणि बोटाला धरून सहा वर्षांची मुलगी. मुलगी म्हणाली, "आई, उघडं आहे की!" केली म्हणाली, "उघडं असलं तरी आज त्यांचा दिवस आहे, बाळा. रोज जाऊ देतात ना आपल्याला? मग एक दिवस आपणही ऐकायचं." मी जीव एकवटून ओरडलो. बाबागाडीच्या चाकांच्या आवाजात ते विरून गेले. तिघेही रस्त्याला लागले.

थोड्याच वेळात टँकरचा ब्रेक ऐकू आला. लांबलचक, करकचून. मग लहान मुलाची किंकाळी. मग काहीच नाही.

ती शांतता मी तिथे पडून ऐकली. थंडी कळेनाशी झाली, कंबर कळेनाशी झाली. डोळ्यांसमोर एकच, की फाटक उघडे होते. उघडे होते हो! कुलूप माझ्या खिशात, वाट रिकामी, आणि ते पोर त्या वळणावर. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

शाळा भरून गेल्यावर फाटकातून पावले आली. ताडताड. मिसेस टॉलमन, हातात पत्रिकेचा अंक. मदतीला आल्या नव्हत्या, भांडायला आल्या होत्या.

"मिस्टर गॅमेज! कुठे आहात तुम्ही? मी छापलंय बंद म्हणून, आणि फाटक सताड उघडं! उद्या लोकांनी माझ्या पत्रिकेवर विश्वास कसा ठेवायचा?"

मी म्हणालो, "मिसेस टॉलमन, पोर वाचलं का?"

"कुठलं पोर? आणि तुम्ही जमिनीवर काय करताय?"

"केलीचं. टँकर. मी ऐकलं."

त्या तोवर गुडघ्यांवर बसून अंगातला कोट माझ्यावर घालत होत्या. "पोर शाळेत आहे. ढिम्म काही झालेलं नाही तिला. टँकर हातभर अंतरावर थांबला. तो ड्रायव्हरच खाली उतरून भिंतीशी बसला होता तोंड झाकून, मी त्याला पाणी दिलं. आता गप्प बसा, ॲम्ब्युलन्सला फोन करू द्या."

मला गप्प बसता येईना. नऊ वर्षांत ज्यांच्याशी बोललो नव्हतो त्यांच्या मांडीवर डोके ठेवून मी हुंदके देऊन रडलो. सुटलो, सुटलो, एवढेच म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "हो हो, सुटलात. नाक पुसा." ॲम्ब्युलन्स येईपर्यंत गोठलेल्या जमिनीवर बसून राहिल्या आणि एक क्षणही बोलायचे थांबल्या नाहीत. मी डोळे मिटू नयेत म्हणून बोलत होत्या, हे मला नंतर नर्सने सांगितले.

पुढच्या अंकात आले: 'दुरुस्ती. गॅमेज यांच्या बागेतील वाट मंगळवारी बंद राहील, असे आम्ही छापले होते. प्रत्यक्षात ती उघडी होती. ज्या वाचकांना विनाकारण वळसा पडला त्यांच्यापाशी आम्ही दिलगिरी व्यक्त करतो. श्री. गॅमेज यांची प्रकृती सुधारत आहे.' वॉर्डात हे वाचून मी इतका हसलो की टाके पाहायला डॉक्टर आले. रेज पर्चेसही भेटायला आला होता. टोपी हातात फिरवत म्हणाला, "फाटक उघडं पाहून मला शंका आली होती रे. पण आत येऊन विचारणं बरं दिसेना." त्याला काय बोलणार? त्याच्या जागी मी असतो तर मीही कुत्र्याला ओढून रस्त्यानेच गेलो असतो.

तर आता कायद्याचे. वर वर्णन केलेली बाग, तीतील झाडे, घाण्याची छपरी व बागेतून जाणारी पायवाट माझ्या पश्चात हॅझलकोंबच्या पॅरिश कौन्सिलला, म्हणजे गावच्या पंचायतीला, मिळावी. अट एकच. वाट वर्षातला प्रत्येक दिवस, पाऊस असो, बर्फ असो, सण असो, सर्वांना मोकळी राहावी आणि बागेवर कोणीही, कितीही गोड बोलून, घर बांधू नये. कौन्सिलला हे जमत नसेल तर त्यांनी आत्ताच सांगावे, मी अजून जिवंत आहे.

मरेपर्यंत थांबायची मला गरज वाटली नाही. हॉस्पिटलातून आलो त्याच आठवड्यात फाटक बिजागरींतून काढायला लावले. दोन दिवस लोक तिथे येऊन उभे राहायचे, रिकाम्या खांबांकडे बघायचे आणि वळायचे. शेवटी मिसेस टॉलमन यांनी पहिल्या पानावर ठळक छापले, 'आत या.' मग आले.

कलम पाचवे. छाटणीची करवत, कलमे बांधायचा चाकू, दोन्ही शिड्या आणि सायडरचा घाणा केली व्हावल्स हिला मिळावा. मी हॉस्पिटलात होतो तेव्हा तिने कोणी न सांगता माझी झाडे छाटली. बाबागाडी झाडाखाली लावून शिडीवर चढायची. निम्म्या फांद्या चुकीच्या कापल्या आहेत. पण झाडे फुलली आहेत, आता खिडकीतून दिसते आहे, सगळी बाग पांढरी झाली आहे. केलीला माझ्याकडून एवढेच सांगणे, की फांदी कापताना कळी बाहेरच्या अंगाला ठेव, आतल्या नव्हे. हे तिला तोंडी सांगितले आहे, तरी लिहून ठेवतो.

कलम सहावे. फाटकाचे पितळी कुलूप मिसेस बेरिल टॉलमन यांना द्यावे. त्यांनीच मागितले आहे. पत्रिका छापायला काढली की खिडकीच्या वाऱ्याने कागद उडतात, त्यावर ठेवायला जड वस्तू हवी होती. आयव्हीच्या बातमीबद्दल त्या परवा आपणहून बोलल्या. त्या आठवड्यात त्यांचे मिस्टर आजारी होते आणि अंक लावायला दुसरे कोणी नव्हते. नऊ वर्षांपूर्वी हे विचारले असते तर नऊ वर्षे सूचनांना टपालाची तिकिटे लावावी लागली नसती. माझ्या मृत्यूची बातमी मात्र स्वतंत्र चौकटीत यावी. आजूबाजूला विक्रीची जाहिरात नको, मांजरेही नकोत.

कलम सातवे. मला आयव्हीशेजारी पुरावे. शवपेटी वाटेने न्यावी, रस्त्याने नको. नंतर हॉलमध्ये सगळ्यांना मागल्या वर्षीचा सायडर द्यावा, यंदाचा आंबट झाला आहे. चहा पातळ करू नये.

कलम आठवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

आता साक्षीदारांचे. केली लाभार्थी, ती बाद. मिसेस टॉलमन कुलपामुळे बाद. रेज पर्चेस सही करायला कोट घालून आला होता, त्याला मी सुतळीमुळे बाद केले आणि "नियम म्हणजे नियम, रेज," असे म्हणालो. हे म्हणताना फार बरे वाटले. गावातला दुसरा कोणीही चालेल, असे वकीलबाई म्हणत होत्या. मिसेस टॉलमन यांना ते पटेना. "वाट सगळ्या गावाला दिलीत, म्हणजे सगळं गाव लाभार्थी. उद्या तुमच्या भाच्याच्या वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं तर? ज्याला या वाटेतून काडीचाही फायदा नाही अशी दोन परकी माणसं हवीत." असे म्हणून मघाशी त्या माणसे धरायला बाहेर पडल्या.

एक लगेच मिळाली. गुरुवारी फिरत्या वाचनालयाची गाडी हॉलसमोर येते, तिच्यावरच्या मिस रोझलिन टक. दुसऱ्यासाठी मिसेस टॉलमन रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि दुधाचा टँकर हात दाखवून थांबवला. चालकाला घेऊन आत्ता आल्या आहेत. माणूस दारातच टोपी काढून उभा आहे, बुटांना चिखल आहे म्हणून आत यायला तयार नाही. मी हे लिहीत असताना जे बोलणे झाले तेही इथेच लिहून घेतो, कारण सह्या व्हायच्या आहेत.

त्याने विचारले, "कसला कागद आहे?"

मिसेस टॉलमन यांनी सांगितले. बाग, वाट, फाटक काढले ते.

"म्हणजे त्या वळणावर आता पायी कोणी नसणार? एकही दिवस?"

मी म्हटले, "एकही दिवस नाही."

तो चिखलाच्या बुटांनी आत आला आणि न विचारता स्टुलावर बसला. तोंडावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "फेब्रुवारीपासून त्या वळणावर मी रोज श्वास रोखून गाडी घालतो. घरी बायकोलाही सांगितलं नाही. ती मुलगी... रोज दिसते मला." मग मिसेस टॉलमन यांच्याकडे वळून म्हणाला, "बाई, मी नाही चालणार तुम्हाला. परका कसला मी? सगळ्यांत जास्त तर मलाच मिळालंय."

मिसेस टॉलमन यांनी कागद उलटून पालटून पाहिला. त्यांचेही डोळे भरले होते, पण आवाज पत्रिकेच्या संपादकाचाच होता. "यात तुमचं नाव कुठेही नाही. बसा आणि सही करा. बाहेर दूध उन्हात आहे."

वरील मजकूर मी समजून-उमजून लिहिला असून खालील दोघांच्या समक्ष त्यावर सही केली आहे, व त्या दोघांनी माझ्या समक्ष आपापल्या सह्या केल्या आहेत.

सिरिल आर्थर गॅमेज

साक्षीदार:
१. रोझलिन टक, फिरते वाचनालय, राहणार वेलिंग्टन
२. ग्लिन प्रोबर्ट, दुधाच्या टँकरचा चालक, राहणार ब्रिजवॉटर

स्थळ: हॅझलकोंब, बागेकडच्या खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ११ मे २०१७, गुरुवार